एका वर्कशॉपचे दोन वाटे: बहीण, भाऊ आणि एका मशीनचं कर्ज

पार्श्वभूमी

प्रकरण कोल्हापूर परिसरातल्या एका एमआयडीसीतलं आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव की कागल, याने फरक पडत नाही. तिन्हीकडे धंद्याची रीत एकच. फौंड्री कास्टिंग ओतते, आजूबाजूची मशीन शॉप्स त्यावर टर्निंग, बोरिंग, ड्रिलिंग करून माल परत देतात, आणि बिल नगावर होतं. बहीण आणि भाऊ, दोघांचेही हिशेब माझ्याकडे होते आणि आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आकडे थोडे फिरवले आहेत. त्यांचं एकमेकांशी प्रमाण मात्र तेच ठेवलं आहे.

वडिलांनी एका लेथवर सुरू केलेला हा धंदा. पुढे सहा सीएनसी-व्हीएमसी (संगणकावर चालणारी) मशीन, स्वतःचा प्लॉट, स्वतःची शेड. मुलगा डिप्लोमा झालेला. गिऱ्हाईक, वसुली, माणसं तो बघायचा. मुलगी प्रॉडक्शन इंजिनिअर. लग्नानंतरही कामावर येत राहिली, क्वालिटी आणि प्लॅनिंग तिच्याकडे. २०१४ मध्ये वडील गेले. पुढच्या वर्षी दोघांनी भागीदारी मोडून आपापला धंदा वेगळा केला. भांडण नव्हतं. भावाचा मुलगा मोठा होत होता, बहिणीला स्वतःच्या पद्धतीने काम करायचं होतं, आणि दोघांनाही ते एकमेकांना सांगता आलं, हेच विशेष.

वाटणी अशी झाली: प्लॉट, शेड आणि दोन मशीन भावाकडे, चार मशीन बहिणीकडे. तिने शेजारच्या ओळीतला एक गाळा भाड्याने घेतला. तिचं म्हणणं सरळ होतं की पैसा मशीन कमावते, पत्रा कमावत नाही. पहिल्या वर्षी ते खरंही ठरलं. तिची उलाढाल पन्नास लाखांच्या घरात गेली, भावाची तीसच्या आसपास राहिली.

वाटणीच्याच महिन्यात आणखी एक कागद झाला. गावाकडची शेती, घर आणि हायवेलगतचा एक एनए (बिगरशेती) प्लॉट यांतला आपला हिस्सा बहिणीने हक्कसोडपत्राने भावाला दिला. २०० रुपयांचा मुद्रांक, दुय्यम निबंधकाकडे अर्ध्या तासाचं काम, नंतर हॉटेलात जेवण. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे तिला ठाऊक होतं. पण माहेर तुटायला नको, म्हणून आपल्याकडे बहिणी जे करतात ते तिनेही केलं. या कागदाचा धंद्याशी काही संबंध आहे असं त्या दिवशी कोणाच्या मनातही आलं नाही.

प्रश्न काय होता

२०१९ पर्यंत चित्र उलटलं होतं. भावाकडे दोनची सहा मशीन झाली, उलाढाल नव्वद लाखांवर. बहिणीकडे तीच चार मशीन, अठ्ठावन्न लाख. तिचं रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, अर्ध्या टक्क्याच्या आत, भावाचं दोनच्या वर. तरी नवं काम आलं की फौंड्रीचा पर्चेस हेड आधी भावाला फोन करायचा. त्याचं कारण त्याने मलाही ऐकवलं होतं: "मॅडमचं काम एक नंबर हाय, पण त्या वाढवायला बघत नाहीत. बायका रिस्क घेत नाहीत, सर."

मला या वाक्याचा छडा लावायचा होता, कारण ते एकट्या पर्चेस हेडचं नाही. देशाच्या आकड्यांवरही तोच निष्कर्ष सहज लादता येतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सूक्ष्म उद्योगांपैकी २०.४४ टक्के बायकांच्या मालकीचे होते. लघु उद्योगांत हे प्रमाण ५.२६ टक्के आणि मध्यम उद्योगांत २.६७ टक्के. पायरी चढावी तशा बायका गळत जातात. स्वभावामुळे, की पायरी चढायला जे लागतं ते हातात नसल्यामुळे, हे आकडा सांगत नाही.

२०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडावर फौंड्रीने ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक हाउसिंगचं काम काढलं. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कडक असल्याने या वेळी विचारणा बहिणीकडे आली. त्यासाठी फोर्थ ॲक्सिस (पार्ट फिरवून चारी बाजूंनी काम करायची सोय) असलेली नवी व्हीएमसी हवी होती. मशीन, फिक्श्चर, टूलिंग धरून ३६ लाख. स्वतःचे आठ घातले तरी २८ लाखांचं कर्ज, पाच वर्षांची मुदत, महिन्याचा हप्ता सुमारे ६१ हजार.

आम्ही दोघांनी बसून हिशेब मांडला. एका नगाला २४ मिनिटं, मशीनचा तासाचा दर ४५० रुपये, म्हणजे नगाला १८०. एका शिफ्टमध्ये महिन्याला साधारण १४० तास खरं काम होतं. त्यातून ऑपरेटर, टूल, वीज वजा केली तर तीस हजारही उरत नाहीत. दोन शिफ्ट चालवल्या तर अठ्ठावन्न हजारांपर्यंत जातं. म्हणजे रात्रपाळी केली तरी हप्ता जेमतेम निघणार, आणि बाकी मशीनच्या कमाईतून महिन्याला थोडी भर घालावी लागणार. नफा पाच वर्षांनंतर, मशीन फिटल्यावर.

तरी काम घ्यायचं तिने ठरवलं. एक अवघड पार्ट हातात असला की पुढचे चार सोपे पार्ट मागून येतात, हे ती वडिलांच्या वेळेपासून बघत आली होती. रिस्क न घेणाऱ्या माणसाचा हा निर्णय नव्हे.

पर्याय

पहिला, नेहमीची बँक. वडिलांच्या काळापासूनचं खातं, चार वर्षं सीसी (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाची उचल) चोख चाललेली. मॅनेजरने फाइल चाळली आणि तारण विचारलं. गाळा भाड्याचा, राहता फ्लॅट नवरा आणि सासरे यांच्या नावावर. तिचे यजमान कॉलेजात शिकवतात. त्या दिवशी ते केवळ सोबत आले होते. मॅनेजरने खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि विचारलं, "सर, तुमची जामीनदार म्हणून सही होईल ना? आणि फ्लॅटचे पेपर?" मशीनचं कोटेशन, नगाचा हिशेब, फौंड्रीचं पत्र, सगळं तिच्या हातात होतं. पुढची वीस मिनिटं प्रश्न मात्र यजमानांना विचारले गेले, आणि प्रत्येक वेळी ते म्हणत राहिले, "ते हिला विचारा." भावाने २०१६ पासून चार मशीन उचलली, त्याला त्याच शाखेने वहिनींची सही कधी मागितली नव्हती. मागायची गरजच नव्हती. एमआयडीसीतला प्लॉट होता, आणि हायवेलगतचा तो एनए प्लॉटही बँकेकडे गहाण होता. बहिणीने सोडलेल्या हिश्श्यासकट.

मॅनेजरची बाजूही सांगायला हवी. कर्ज थकलं तर खुलासा त्याला द्यावा लागतो, आणि तारण असलेली फाइल कधीही सोपी. त्याने बाई म्हणून तिला मुद्दाम डावललं, असं मला वाटत नाही. त्याने नेहमीचीच पट्टी लावली, आणि ती पट्टी जमीन मोजणारी होती.

दुसरा पर्याय भावाने सुचवला. मनापासून, मदत म्हणूनच. "तुझ्या नावानं काढूया की. महिला उद्योजक म्हणून काय सवलत असंल ती मिळंल. तारण मी देतो. मशीन माझ्या शेडमध्ये बसवूया, जागा हाय, रात्री मी असतोय. काम दोघांचं." वरवर पाहता यात खोट काढायला जागा नव्हती. घरच्या सगळ्यांना हाच मार्ग पटला.

मी इथे अडलो. श्रीलंकेत २००५ च्या सुमारास छोट्या धंदेवाल्यांना रोख किंवा साहित्याच्या रूपात अनुदान देऊन बघण्याचा प्रयोग झाला होता. पुरुषांच्या धंद्यात त्या भांडवलाने कमाई वाढली, बायकांच्या धंद्यात जवळपास नाहीच. बायकांना पैसा वापरता येत नाही, असा अर्थ त्यातून काढायला लोक मोकळे झाले. पुढे त्या आकड्यांची, आणि भारत व घाना इथल्या तशाच अभ्यासांच्या आकड्यांची, पुन्हा तपासणी झाली तेव्हा वेगळंच निघालं. घरात नवऱ्याचाही धंदा असेल तर बाईच्या नावाने आलेला पैसा तिकडे वळतो. घरात धंदा करणारी ती एकटीच असेल तर तिची कमाई पुरुषांच्या तोडीस तोड वाढते. आमच्याकडे नवऱ्याच्या जागी भाऊ होता, एवढाच फरक. मशीन भावाच्या शेडमध्ये, रात्रीचा ऑपरेटर भावाचा, फौंड्रीचा फोन भावाला. कर्ज आणि सिबिल तेवढं बहिणीचं. सरकारच्या उद्यम नोंदणीत बायकांच्या नावावरचे उद्योग वीस टक्क्यांच्या वर आहेत आणि एकूण उलाढालीत त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. यातली किती नावं नुसती पाटीवर आहेत, हे एमआयडीसीत एक चक्कर मारली तरी अंदाजाने कळतं.

तिसरा पर्याय स्टँड-अप इंडिया. दहा लाख ते एक कोटी कर्जाची केंद्राची योजना, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी. पण अट अशी होती की उद्योग नवा हवा. एका एजंटाने सांगितलं, नवी फर्म काढा, जुनी चालू द्या, कागद मी करतो. तिने तिथेच नको म्हटलं.

चौथा, जुनं मशीन. पंधरा लाखांत मिळत होतं. या टॉलरन्सला ते टिकलं असतं की नाही, यावर तिचा स्वतःचाच भरवसा नव्हता, म्हणून ते बाजूला पडलं.

पाचवा, सीजीटीएमएसईच्या हमीवर विनातारण कर्ज. सरकार आणि सिडबी (लघुउद्योग विकास बँक) यांनी २००० साली उभा केलेला हा कर्जहमीचा ट्रस्ट. त्या वेळी त्याची मर्यादा दोन कोटींची होती. या हमीखाली घेतलेल्या कर्जाला तारण किंवा तिऱ्हाइताचा जामीन मागायचाच नसतो, योजनेचा पायाच तो. हमीचं शुल्क द्यावं लागतं, एवढंच. जुन्या शाखेने यावर "वरून विचारून सांगतो" म्हटलं आणि दोन महिने काहीच सांगितलं नाही.

काय केलं

तिने पाचवा पर्याय धरला आणि त्यासाठी बँक बदलली. एका वाक्यात लिहून झालं, पण त्यात दिवाळी होऊन गेली. दुसऱ्या बँकेसाठी आम्ही फाइल नव्याने बांधली. जीएसटी रिटर्न आणि स्टॉक स्टेटमेंट तर होतीच, शिवाय चार वर्षांचं पार्टवार रिजेक्शन, मशीनवार तासांची नोंद आणि प्रत्येक पार्टची किंमत सुटी करून दाखवली. या नोंदी ती आधीपासूनच ठेवत होती, हे महत्त्वाचं. मुलाखतीला ती एकटी गेली. यजमानांना घरी ठेवायचं हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये मंजुरी आली, मार्चच्या मध्यात पैसे सुटले.

दुसरा निर्णय वसुलीचा. फौंड्री नव्वद दिवसांनी पैसे द्यायची. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ, व्याज लागतं. पण गिऱ्हाईक एकच असताना अशा थकबाकीची तक्रार ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे कोण जाणार? भावाची पद्धत वेगळी होती. महिन्यातून एकदा पर्चेस आणि अकाउंट्सच्या लोकांबरोबर तांबड्या-पांढऱ्यावर बसायचं; चेक आपोआप लवकर निघायचा. बहिणीला ती बैठक बंद होती. कोणी बंद केली नव्हती, तरी बंद होती. तिने टेबलावर लेखी प्रस्ताव ठेवला: नगाला १८० ऐवजी १७४ घेते, पैसे तीस दिवसांत द्या. फौंड्रीने लगेच मान्य केलं.

मी विरोध केला होता. साठ दिवस आधी पैसे मिळावेत म्हणून सव्वातीन टक्के सोडायचे, म्हणजे वर्षाला वीस टक्क्यांनी पैसे उचलल्यासारखं झालं. भाऊ सीसीवर अकरा टक्क्यांनी पैसे वापरत होता. तिचं उत्तर होतं, "सर, मला अकरानं कोण देतंय? माझी लिमिट संपलीया." माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

तिसरा, रात्रपाळी. भाऊ रात्री अकराला बुलेट काढून शेडवर जातो. टूल तुटलं, ऑफसेट चुकला, तो समोर उभा. तिचा मुलगा दहावीत होता, सासूबाईंचं दुखणं होतं, आणि रात्री अकराला एमआयडीसीतल्या अंधारात एकटीने गाडी घालण्याची तिची इच्छाही नव्हती. तिने रात्रपाळीला एक जुना सेटर सुपरवायझर म्हणून घेतला आणि पगाराशिवाय महिन्याचं रिजेक्शन अर्ध्या टक्क्याच्या आत राहिलं तर वेगळी रक्कम ठरवली. प्रत्येक पार्टसाठी लॅमिनेट केलेलं सेटिंग कार्ड मशीनला टांगलं: कुठलं टूल कुठल्या पॉकेटला, किती नगांनंतर इन्सर्ट फिरवायचा, काय झालं तर मशीन बंद करायचं आणि फोन करायचा, काय झालं तर स्वतः निस्तरायचं. तपासणीला आणि दिवसपाळीच्या दोन मशीनवर आयटीआयच्या मुली घेतल्या. संध्याकाळची एसटी चुकणार नाही अशी त्यांची वेळ ठेवली.

निष्पत्ती

पैसे सुटले आणि आठवड्याभरात लॉकडाऊन लागला. मशीन बेंगळुरूहून निघायचं होतं, ते जुलैत आलं. हप्ते पुढे गेले, व्याज चढत राहिलं. मग केंद्राची आपत्कालीन कर्जहमी योजना आली: २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढं कर्ज बाकी, त्याच्या वीस टक्के आणखी, विनातारण. भावाची त्या दिवशीची बाकी सत्तर लाख. त्याला चौदा लाख मिळाले. बहिणीची फक्त सीसी, आठ लाख; मशीनचं कर्ज मार्चमध्ये सुटलेलं. तिला एक लाख साठ हजार. जुन्या शाखेने "विचारून सांगतो" म्हणत घालवलेल्या दोन महिन्यांची किंमत ही अशी, नंतर आणि दुसऱ्याच खात्यात लागली. योजनेत स्त्री-पुरुष हा शब्दही नव्हता.

सुदैवाने त्या वर्षी ट्रॅक्टरला जोरदार मागणी होती. ऑगस्टपासून दोन्ही शेड भरल्या. हाउसिंगचं काम बसलं आणि अपेक्षेप्रमाणे त्याच्या मागून तीन पार्ट आले. २०२२ च्या सुरुवातीला भावाच्या पाठीचं ऑपरेशन झालं, तो सहा आठवडे घरी होता. त्या काळात त्याच्याकडचं रिजेक्शन पाच टक्क्यांवर गेलं आणि एका लॉटची मोठी डेबिट नोट (खराब मालाची वजावट) आली. बहिणीने आपला सुपरवायझर रात्री दोन तास तिकडे पाठवला. सेटिंग कार्डं आता भावाच्या मशीनवरही टांगलेली आहेत.

२०२३-२४ अखेर भावाकडे नऊ मशीन, उलाढाल एक कोटी साठ लाख, पुस्तकी नफा अकरा लाख. बहिणीकडे सात मशीन, एक कोटी दहा लाख, नफा तेरा लाख. हे आकडे पाहून आता उलटं बोललं जातं: बाईचा हात लागला की बरकत. मला हेही पटत नाही. भावाच्या पुस्तकात वहिनींचा पगार आहे, चारचाकीचं पेट्रोल आहे, घरचे चार मोबाइल आहेत; साधारण पाच लाख. बहिणीच्या पुस्तकात यातलं काही नाही, कारण घर यजमानांच्या पगारावर चालतं, गाडी त्यांची, आणि रविवारची बिलं तेच बसून भरतात, फुकट. त्याचे दोन लाख तरी धरायला हवेत. असं दुरुस्त केलं की दोघांचाही नफा उलाढालीच्या दहा टक्क्यांवर येतो. तिचं भाडं आणि त्याचं जास्तीचं व्याज साधारण सारखंच भरतं.

वेगळं काय करता आलं असतं

वाटणीच्या दिवशी दोन्ही कागद एका टेबलावर ठेवून बघायला हवे होते. मशीन दहा वर्षांत भंगार होतं, प्लॉटची किंमत चढते, आणि बँक प्लॉट बघते. तिने तीन मशीन आणि शेडचा काही भाग मागितला असता तर पुढची वाट वेगळी झाली असती. हक्कसोड करायचंच होतं तर शेती आणि घर सोडून एनए प्लॉटचा हिस्सा तरी ठेवता आला असता. नोंदणीकृत हक्कसोड नंतर मनात आलं म्हणून फिरवता येत नाही. माहेरचं प्रेम आणि तारण या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच सहीत अडकलेल्या असतात. सल्लागाराने निदान तेवढं बोलून दाखवावं.

२०१५ ते २०१९ या काळात तिने सीसीखेरीज छोटं मुदतकर्जही घेतलं नाही. दहा लाखांपर्यंत सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून तारण घ्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम तेव्हा होता. एक कंप्रेसर, एखादं मोजमापाचं उपकरण त्यावर घेऊन फेडलं असतं तर २८ लाखांची फाइल बँकेपुढे कोरी गेली नसती.

भावाच्या बाजूनेही एक निर्णय पुन्हा तपासण्यासारखा आहे. २०२१ मध्ये त्याने एक पार्ट तोट्यात घेतला आणि दीड वर्ष ओढला. का घेतला, तर जेवणाच्या टेबलावर दहा जणांसमोर मालकाला "परवडत नाही" म्हणता आलं नाही. त्याच पार्टला बहिणीने दोन ओळींच्या मेलने नकार दिला होता. तिला त्या टेबलावर जागा नव्हती, याचा या एका वेळी तिला फायदा झाला.

१७४ चा दर तिने वेळेत सोडवून घेतला नाही, असं माझं मत आहे. २०२१ मध्ये तिची सीसी वाढली, तरी तो दर दोन वर्षं तसाच चालला. आयकर कायद्यातलं ४३बी(एच) हे कलम २०२३-२४ पासून लागू झालं. सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर गिऱ्हाइकाला त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. मार्च २०२४ मध्ये फौंड्रीच्या अकाउंट्स विभागाने स्वतःहून फोन करून बाकी विचारली. एप्रिलच्या शेड्यूलबरोबर बहिणीने १८५ चं नवं कोटेशन पाठवलं, पेमेंट ४५ दिवस. १८३ वर मिटलं. सध्या ती बंद पडलेल्या एका युनिटची शेड विकत घ्यायच्या बोलणीत आहे; बँकेने पुन्हा यजमानांची सही मागितली आहे आणि तिने लेखी कारण मागितलं आहे.